पाडावे की राखावे? – नव्या वास्तुकलेच्या निमित्ताने

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या धर्मग्रामांमध्ये बांधकामाचा मोठा उत्साह संचारला आहे. कोठे कित्येक पिढ्यांचे कौलारू चर्च उतरवून त्या जागी काँक्रीटचे विशाल सभागृह उभे राहते. कोठे जुन्या भिंती तशाच ठेवून त्यांवर ग्रॅनाइटच्या लाद्या चढविल्या जातात, सागवानी कैच्यांखाली प्लास्टर ऑफ पॅरिसचे छत टांगले जाते आणि त्यात रंगीत दिवे बसविले जातात. खिडक्या बंद होतात, वातानुकूलन यंत्रे येतात, वेदीमागे सोनेरी आरास होते. उद्‌घाटनाच्या स्मरणिकेत या सर्वांचे वर्णन ‘अद्ययावत’ किंवा ‘मॉडर्न’ अशा शब्दांत केलेले असते. भाविकांच्या घामाच्या पैशातून आणि निर्मळ श्रद्धेतून हे घडते, याविषयी शंका नाही. शंका आहे ती त्या ‘मॉडर्न’ शब्दाविषयी. जगातील वास्तुकला आज ज्या दिशेने चालली आहे ती ही दिशा नव्हे; पुष्कळदा ती नेमकी उलट आहे. आणि एकदा पाडलेली वास्तू परत उभी करता येत नसल्यामुळे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून राखून ठेवलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात स्पष्ट केले. त्याच ठिकाणी बिशपमहोदयांना असेही सुचविले की, पवित्र कलेत डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याचा शोध घेतला जावा. यांतील पहिले विधान आपण फार उत्साहाने स्वीकारले. दुसऱ्याचा उल्लेख मात्र बांधकाम समितीच्या बैठकीत मी क्वचितच ऐकला आहे.

आधुनिक चर्चवास्तूचा विचार करताना आरंभ रोंशांपासून करावा लागतो. पूर्व फ्रान्समधील या गावाच्या टेकडीवर पवित्र मारियेचे जुने यात्रास्थान होते. तेथील चॅपेल दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, तोफांच्या माऱ्याने उद्ध्वस्त झाले. नवे चॅपेल बांधण्याचे काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेले आणि २५ जून १९५५ रोजी त्याचे पवित्रीकरण झाले. ज्यांनी चंडीगढची आखणी केली तेच हे वास्तुशिल्पी. ते कॅथलिक नव्हते, रूढ अर्थाने श्रद्धावंतही नव्हते. अशा माणसाला चर्चचे काम द्यावे काय, हा प्रश्न तेव्हा फ्रान्समध्ये तीव्रतेने विचारला गेला. फादर मारी-आलँ कुतुरिए या डॉमिनिकन धर्मगुरूंचा कौल स्पष्ट होता : प्रतिभा नसलेल्या श्रद्धावंतापेक्षा श्रद्धा नसलेला प्रतिभावंत पत्करला. हे मत मला पूर्णपणे पटत नाही, कारण त्यात श्रद्धावंत समाजाने स्वतः शिकावे, चांगले-वाईट ओळखावे ही अपेक्षाच सोडून दिल्यासारखी वाटते. परंतु रोंशांपुरते तरी फादर कुतुरिए यांचे म्हणणे खरे ठरले.

त्या चॅपेलची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. फुगीर, करड्या रंगाचे, नावेसारखे छप्पर. त्याखाली वाकलेल्या, जाड, पांढऱ्या भिंती. छपराची कल्पना खेकड्याच्या कवचावरून सुचली, असे स्वतः कॉर्बुझिए यांनी लिहून ठेवले आहे. हे सारे विक्षिप्तपणाचे प्रदर्शन आहे असे मानून तेव्हा नाके मुरडणारे कमी नव्हते. पण ज्या गोष्टी छायाचित्रात दिसत नाहीत त्या अधिक बोलक्या आहेत. पडलेल्या चॅपेलचे दगड फेकून न देता नव्या भिंतींच्या पोटात घातले आहेत. छप्पर इतके वजनदार दिसत असूनही ते भिंतींवर टेकलेले नाही. भिंतींत लपविलेल्या खांबांनी ते उचलून धरले असून भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये काही सेंटीमीटरांची फट ठेवली आहे. त्या फटीतून प्रकाशाची एक बारीक रेघ आत येते आणि तो अवजड भार क्षणात हलका होतो. दक्षिणेकडील भिंतीत लहानमोठ्या खिडक्या खोल कोनाड्यांसारख्या कोरल्या आहेत. त्यांच्या रंगीत काचांवर कॉर्बुझिए यांनी स्वतः रंगकाम केले होते. जुन्या चॅपेलमधून वाचलेली मारियेची लाकडी मूर्ती पूर्वेच्या भिंतीत, काचेच्या कोनाड्यात ठेवली आहे. ती आतूनही दिसते आणि बाहेरूनही. कारण यात्रेच्या दिवशी हजारो भाविक टेकडीवर जमतात, आत जागा जेमतेम दोनशेंची. तेव्हा त्याच भिंतीच्या बाहेरील अंगाला दुसरी वेदी आहे आणि गवताचे मैदान हेच चर्च होते. यात्रा म्हणजे काय, गर्दी म्हणजे काय, हे त्या अश्रद्ध म्हणविल्या जाणाऱ्या माणसाने नीट समजून घेतले होते.

आणखी एक गोष्ट. छपरावरचे सगळे पावसाचे पाणी पश्चिमेकडे एका पन्हाळीतून खाली काँक्रीटच्या कुंडात पडते. पाऊस आला की चॅपेल बोलू लागते. पन्हाळ ही लपविण्याची वस्तू आहे असे त्या वास्तुशिल्पीला वाटले नाही. आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा. तरीही आपल्या नव्या चर्चवास्तूंत पन्हाळ प्लास्टिकच्या पाइपांत दडवलेली असते आणि ती तुंबली म्हणजेच तिची आठवण होते.

रोंशांनंतर ज्या वास्तू पाहण्यासाठी जगभरचे विद्यार्थी प्रवास करतात, त्यांत दोन लहान प्रार्थनामंदिरांचा उल्लेख अपरिहार्य आहे. पहिले जपानमध्ये ओसाकाजवळ इबाराकी येथे, तादाओ आंदो यांनी १९८९ मध्ये बांधलेले. हे प्रॉटेस्टंट बंधूंचे चर्च असून ‘प्रकाशाचे चर्च’ या नावाने ते प्रसिद्ध पावले. मंडळीकडे पैसा थोडा होता. एक वेळ अशी आली की बिनछपराचे चर्च बांधावे काय, असा विचारही झाला. शेवटी उभी राहिली ती काँक्रीटची एक साधी पेटी, सव्वाशे चौरस मीटरही न भरणारी, वेदीमागच्या भिंतीत आडवी-उभी चीर ठेवलेली. अंधाऱ्या खोलीत सकाळचे ऊन त्या चिरेतून शिरते आणि प्रकाशाचाच क्रूस तयार होतो. जमीन आणि बाके परांचीच्या फळ्यांची आहेत. दागिना म्हणावा असा एकही नाही. त्या चिरेत काच नसावी, वारा आणि थंडी सरळ आत यावी, असा आंदो यांचा हट्ट होता. मंडळीने तो मानला नाही, काच बसविली. पुढे २०१७ मध्ये टोकियोतील आपल्या प्रदर्शनात आंदो यांनी त्याच चर्चची पूर्णाकृती प्रतिकृती उभारली आणि तीत काच बसविली नाही! कलावंताचा हट्ट समजू शकतो. परंतु हिवाळ्यात तान्हे मूल घेऊन उपासनेला येणाऱ्या आईच्या बाजूने मंडळीने दिलेला निर्णयही वास्तुकलेचाच निर्णय होता आणि तो योग्य होता, असे मला वाटते.

दुसरे प्रार्थनामंदिर जर्मनीत, कोलोनच्या नैर्ऋत्येला मेखेरनिखजवळच्या शेतात आहे. एका शेतकरी दांपत्याच्या इच्छेवरून स्विस वास्तुशिल्पी पीटर झुमथोर यांनी ते रचले आणि २००७ मध्ये ते पूर्ण झाले. संत निकोलाउस फॉन फ्ल्यू, ज्यांना लोक ‘ब्रदर क्लाउस’ म्हणतात, त्यांच्या नावाने ते आहे. पंधराव्या शतकातील हा स्विस गृहस्थ पत्नीच्या संमतीने दहा मुलांचा संसार मागे ठेवून एकांतवासात गेला आणि १९४७ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले. चॅपेलचे बांधकाम विलक्षण आहे. प्रथम ११२ झाडांचे बुंधे तंबूसारखे एकमेकांना टेकवून उभे केले. त्यांच्याभोवती काँक्रीटचे चोवीस थर, एका दिवसाला एक याप्रमाणे, ठोकून भरले. शेजारपाजारचे लोक या कामात हात लावीत होते. मग आतल्या लाकडाला धुमसता विस्तव लावला आणि तो सुमारे तीन आठवडे तसाच ठेवला. लाकूड सुकून आक्रसले, बुंधे काढून घेतले, आणि मागे राहिल्या त्या काजळलेल्या, बुंध्यांच्या वळ्या उमटलेल्या भिंती. वर आकाशाकडे उघडलेले एक छिद्र. त्यातून पाऊस, बर्फ, ऊन सारेच आत येते. जमीन वितळविलेल्या धातूची आहे, तिच्यावर पाण्याचे थारोळे साचते. साचा धरून ठेवणाऱ्या नळ्यांची भोके काचेच्या गोळ्यांनी बंद केली आहेत, ते काळोखात चांदण्यांसारखे चमकतात.

या वास्तूची थोरवी मान्य करूनही एक आक्षेप नोंदविलाच पाहिजे. आंदो आणि झुमथोर या दोघांचेही प्रार्थनामंदिर एकट्या माणसासाठी आहे. आंदो यांच्या चर्चमध्ये निदान मंडळी बसते. झुमथोर यांच्या चॅपेलमध्ये दहाबारा माणसे शिरली की वास्तूचा प्राणच निघून जातो. एकांतवासी संताच्या नावाने बांधलेल्या जागेत हे शोभून दिसते. मात्र अशा वास्तूंची छायाचित्रे मासिकांतून पाहून आपले तरुण वास्तुविशारद जेव्हा ‘अध्यात्म म्हणजे काळोख, शांतता आणि एकच किरण’ असे समीकरण मांडतात, तेव्हा थांबून विचार करावा लागतो. पवित्र मिस्साबली हा एकांत नव्हे. तेथे वाचने ऐकू यायला हवीत, गायनवृंद हवा, रडणारी मुले हवीत, लग्नाची वरात आणि शवपेटी दोन्ही एकाच दारातून आत यायला हवीत. समकालीन वास्तुकलेत ‘गूढता’ हा आज मोठा विकला जाणारा माल झाला आहे. आलिशान हॉटेलांतील स्नानगृहांतसुद्धा आता तोच काळा दगड आणि तोच एक किरण असतो.

त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला काच आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात गार्डन ग्रोव्ह येथे १९८० मध्ये फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी यांनी एका प्रॉटेस्टंट दूरदर्शन-प्रवचनकारासाठी दहा हजारांहून अधिक तावदानांचे ‘स्फटिक कॅथेड्रल’ उभारले. आतून आकाश दिसते, सर्वत्र उजेडच उजेड. पुढे ती संस्था दिवाळखोरीत गेली आणि ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताने सुमारे ५ कोटी ७५ लाख डॉलरला २०१२ मध्ये ती वास्तू विकत घेतली. कॅथेड्रल म्हणून वापरण्यापूर्वी काय करावे लागले? आतील बाजूने हजारो पडदीवजा पाकळ्या बसवून ऊन आणि डोळे दिपविणारा झगझगाट अडवावा लागला. २०१९ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. म्हणजे आधी काच लावायची आणि मग काचेवर उतारा शोधायचा. हे कॅलिफोर्नियात घडले; आपल्या मे महिन्यात काचेच्या दर्शनी भिंतीमागे बसणाऱ्या भाविकांचे काय होते ते सांगायला नको. वातानुकूलन लावले की दारे बंद होतात, दारे बंद झाली की उशिरा येणारा मनुष्य बाहेरच उभा राहतो, आणि वीज गेली की सर्वच जण बाहेर येतात.

येथे कोणी म्हणेल की मग उघडा दगड, उघडी वीट, उघडे काँक्रीट हीच खरी आधुनिकता. ‘साहित्याचा प्रामाणिकपणा’ हे गेल्या शतकातील वास्तुकलेचे एक आवडते तत्त्व आहे, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु त्याची किंमत जुन्या गोव्यात मोजावी लागत आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष जेथे आहेत ती बॉम जेझूची बासिलिका आज तांबूस जांभ्या दगडाच्या रूपात आपल्या डोळ्यांसमोर येते आणि ‘कशी पुरातन दिसते’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात १६०५ मध्ये पवित्रीकरण झालेली ही वास्तू साडेतीन शतके चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली होती. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस, दगड उघडा दिसला तर अधिक प्राचीन वाटेल या विचाराने तो गिलावा काढून टाकण्यात आला. जांभा हा सच्छिद्र दगड. कोकणातील कोणत्याही जुन्या गवंड्याला हे ठाऊक होते की उघड्या जांभ्यावर वर्षानुवर्षे पावसाचे सपकारे बसले तर तो झिजतो, म्हणून त्याला चुन्याचे पांघरूण लागते. २०२० मध्ये बासिलिकेच्या रेक्टरांनी दगडाच्या झिजेविषयी जाहीर चिंता व्यक्त केली आणि पुन्हा गिलावा करावा अशी मागणी पुढे आली. तिला विरोधही झाला, कारण आता लोकांना तांबडी बासिलिका हीच ‘खरी’ वाटते. जो प्रामाणिकपणा त्या दगडाने कधी मागितला नव्हता, तो त्याच्यावर लादला गेला.

आपल्या देशात या प्रश्नांचा विचार झालाच नाही असे मात्र नाही. लॉरी बेकर (१९१७-२००७) हे इंग्लंडमधून आलेले क्वेकर पंथीय वास्तुशिल्पी. मुंबईत बोटीची वाट पाहत असताना त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली, आणि घर हे आसपासच्या चार-पाच मैलांत मिळणाऱ्या वस्तूंतून बांधावे हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला. तिरुअनंतपुरम येथील लोयोला चॅपेल आणि सभागृह हे त्यांचे काम. विटांच्या उंच, दुपदरी, मध्ये पोकळी असलेल्या भिंती आणि त्यांत जाळ्या. त्यांतून वारा खेळतो आणि ऊन चाळून येते. विटा विशिष्ट रीतीने उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवली की सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि भिंत थंडही राहते, हे बेकर यांनी केरळमध्ये शेकडो घरांतून दाखवून दिले. येशूसंघीयांच्या शाळेसाठी कमी खर्चात केलेले हे काम आहे, आणि ते कोठेही गरीब दिसत नाही.

दुसरे उदाहरण तर आपल्या अंगणातले आहे. दादरचे साल्व्हासांव चर्च, ज्याला सारी मुंबई ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणते, ते मूळ फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ मध्ये स्थापन केलेले. सध्याची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी १९७४ ते १९७७ या काळात रचली. कोरिया मूळचे गोव्याच्या कॅथलिक कुटुंबातले. १९३० मध्ये सिकंदराबादेत जन्मलेले आणि २०१५ मध्ये मुंबईत निवर्तलेले. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय, नवी मुंबईची मूळ कल्पना ही त्यांची कामे सर्वपरिचित आहेत. पण दादरच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या काँक्रीटच्या शंकूंकडे कुतूहलाने पाहिले असेल? अनेकांना ते कारखान्याच्या धुरांड्यांसारखे वाटतात आणि तसे ते बोलूनही दाखवितात. ही टीका अगदीच निराधार नाही. बाहेरून ती वास्तू प्रेमात पाडणारी नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत उघडे काँक्रीट फार लवकर म्हातारे दिसू लागते.

तरीही माझ्या मते पश्चिम भारतातील विश्वपरिषदेनंतरच्या चर्चवास्तूंमध्ये हिच्याइतका खोल विचार क्वचितच झाला आहे. कोरियांनी एक मोठी पेटी बांधून तिच्यात लोकांना बसविले नाही. छप्पर असलेल्या जागा आणि आकाशाखालची अंगणे एकमेकांत गुंफली. ख्रिस्ताचा स्नानसंस्कार, त्याचे सार्वजनिक कार्य, त्याचे मरण आणि पुनरुत्थान या टप्प्यांचा धागा त्या रचनेमागे आहे. शंकूच्या आकाराची कवचे केवळ दिखाव्यासाठी नाहीत. गरम हवा वर जाऊन निघून जाते आणि अंगणांतून थंड हवा आत येते. धुरांडे म्हणून हिणविणाऱ्यांनी नकळत त्यांचे कामच सांगितले. तेथे एम. एफ. हुसेन यांची चित्रकलाही आहे. कॅथलिक वास्तुशिल्पी, मुस्लिम चित्रकार आणि मुंबईचा वारा यांनी मिळून केलेली ही वास्तू आहे. आकाशाकडे उघडी असलेली जागा हा कोरियांच्या सर्व लेखनाचा आणि कामाचा केंद्रबिंदू होता. आपल्या हवामानात माणूस दिवसाच्या निरनिराळ्या वेळी घरातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात सरकत असतो. मग चर्चमध्येच त्याला चार भिंतींत का कोंडावे? सणाच्या दिवशी गर्दी वाढली की लोक अंगणात पसरतात आणि तरीही उपासनेत राहतात. रोंशांच्या टेकडीवर जे साधले, तेच येथे अरुंद शहरी जागेत साधण्याचा हा प्रयत्न आहे. वसईच्या वाडीतल्या घरांना जो मांडव, जो ओटा असे, त्याचे हे काँक्रीटमधले नाते ओळखायला आपल्याला इतका वेळ का लागावा हे कळत नाही.

आता अलीकडच्या प्रवाहाकडे वळतो. प्रिट्झकर हे वास्तुकलेचे जगातील मोठे पारितोषिक. एके काळी ते झळाळत्या, आकाशाला भिडणाऱ्या इमारतींच्या कर्त्यांकडे जात असे. २०१८ मध्ये ते अहमदाबादच्या बाळकृष्ण दोशी यांना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. २०२२ मध्ये बुर्किना फासो येथे जन्मलेले फ्रान्सिस केरे यांना ते मिळाले. त्यांनी आपल्या गांदो या खेड्यात २००१ मध्ये जी प्राथमिक शाळा बांधली ती मातीच्या, किंचित सिमेंट मिसळलेल्या विटांची आहे. विटांचे छत आणि त्यावर उंच उचललेला पत्रा, मध्ये वाऱ्याला वाट. गावकऱ्यांनी स्वतः दगड वाहिले, स्त्रियांनी जमीन चोपली. आपल्या आजोबांनी चर्चसाठी दगड आणि रेती डोक्यावरून वाहिल्याच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना यात काही परके वाटणार नाही. सिमेंटच्या निर्मितीतून जगातील एकूण कर्बवायूच्या सुमारे सात-आठ टक्के वायू बाहेर पडतो हे लक्षात घेतले, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात आपल्या सामायिक घराविषयी जे कळकळीने मांडले ते आठवले, तर केरे यांच्या मातीच्या भिंतीचे मोल अधिकच कळते.

परंतु आपल्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडणारे उत्तर आन लाकातों आणि झां-फिलिप व्हासाल या फ्रेंच जोडीने दिले आहे. त्यांना हेच पारितोषिक २०२१ मध्ये मिळाले. कधीही पाडू नये, असलेल्यात भर घालावी, हे त्यांचे ब्रीद. बोर्दो शहरात जुन्या सरकारी वसाहतीतील ५३० घरे पाडण्याऐवजी त्यांनी बाहेरून प्रशस्त सज्जे जोडून ती मोठी आणि उजेडाची केली. रहिवाशांना घर सोडावे लागले नाही. आणि त्याच शहरातील एका लहान चौकाची गोष्ट तर प्रत्येक बांधकाम समितीला वाचून दाखवावी अशी आहे. १९९६ मध्ये नगरपालिकेने चौक सुशोभित करण्याचे काम त्यांना दिले. ते तेथे वारंवार गेले, बसले, लोकांशी बोलले. झाडे होती, त्यांखाली बाके होती, खेळायला जागा होती. त्यांनी अहवाल दिला : चौक सुंदर आहे, येथे काही बांधू नये, खडी बदलावी, झाडांची निगा राखावी, वेळच्या वेळी झाडलोट करावी. वास्तुविशारदाने मोबदला घेऊन ‘काही करू नका’ असे सांगावे, ही कल्पना आपल्याकडे चेष्टेचा विषय होईल. देणगीदाराचे नाव कोरायला फरशी तरी हवी!

राखणे म्हणजे मात्र गोठविणे नव्हे. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली. तेव्हा काचेचे छप्पर, छपरावर बाग, असले अनेक प्रस्ताव पुढे आले. शिखरासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धेचीही घोषणा झाली होती. शेवटी २०२० मध्ये शिखर आणि छप्पर होते तसेच, ओकच्या लाकडाचे उभारण्याचे ठरले, आणि ज्या सुतारकामाची विद्या अस्तंगत झाली असे समजले जात होते ती शेकडो कारागिरांच्या हातांत पुन्हा जिवंत झाली. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले तेव्हा आतील वेदी मात्र नवी होती. गियोम बार्दे यांनी घडविलेली, गडद ब्राँझची, एखाद्या घासून गुळगुळीत झालेल्या दगडासारखी निरलंकार. जुन्या छपराखाली नवी वेदी. काहींना ती फार उघडीबोडकी वाटली. मला ती त्या वास्तूत नम्रपणे उभी असल्यासारखी वाटते. मात्र एकोणिसाव्या शतकातील सुस्थितीत असलेल्या काही खिडक्या काढून तेथे समकालीन काचचित्रे बसविण्याचा जो निर्णय झाला, त्याचे समर्थन करणे मला जड जाते. आगीतून जे वाचले ते माणसाने का काढावे?

आपल्याकडील प्रत्येक जुनी वास्तू जतन करण्याजोगी आहे, असा माझा दावा नाही. काही चर्चवास्तू खरोखर धोकादायक झाल्या आहेत, काही ठिकाणी लोकसंख्या चौपट झाली आहे. पण ‘वाळवी लागली’ हे कारण कैचीतील दोन तुळया बदलण्याचे असते, चर्च पाडण्याचे नव्हे. आणि तो फरक सांगू शकणारा सुतार आज आपल्या गावांत एक-दोघांपलीकडे उरलेला नाही. जुन्या कौलारू छपराखाली, सागवानी कैच्यांमध्ये आवाज मुरत असे, धर्मगुरूचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ जात असे. ग्रॅनाइट, काच आणि गुळगुळीत छत यांवर तोच शब्द आपटून परत येतो. मग आणखी ध्वनिक्षेपक लावतात, त्यांचा आवाज वाढवितात, आणि शुभवर्तमानाचे वाचन एक घुमणारी गडबड होऊन बसते. लाखो रुपयांच्या अंदाजपत्रकात ध्वनीसाठी वेगळी ओळ असते ती यंत्रांच्या खरेदीची. भिंत कशाची असावी याचा विचार त्या ओळीत नसतो.

सध्या एका धर्मग्रामाच्या नव्या चर्चचा आराखडा माझ्या टेबलावर मत देण्यासाठी आलेला आहे. चित्र देखणे आहे, संगणकावर काढलेले, निळ्या आकाशाखाली. समोर काचेची उंच भिंत, दोन्ही बाजूंना खोटे गॉथिक सुळके, वेदीपर्यंत जाण्यासाठी सात पायऱ्या. आसनसंख्या नमूद केली आहे, मोटारी किती उभ्या राहतील तेही नमूद केले आहे. मी तीन प्रश्न लिहून तो परत पाठवीत आहे. आषाढातले पाणी कोणत्या बाजूने उतरणार? वीज गेली तर वारा कोठून येणार? आणि आताच्या चर्चच्या कैच्या कोणा सुताराने वर चढून पाहिल्या आहेत काय?